दाराच्या कडा वाचवायच्या तर आधी खांब, मग टवके, मग गार्ड

ठाण्यात तीन-चार वर्षं वापरलेल्या कुठल्याही गाडीच्या ड्रायव्हर बाजूच्या दाराची मागची कड मोबाइलचा टॉर्च मारून बघा. मांडीच्या उंचीला, जिथे दार सगळ्यात जास्त बाहेर फुगलेलं असतं तिथे, तांदळाच्या दाण्याएवढे दोन-चार टवके उडालेले दिसतील. एखादा जुना असेल तर त्यात तांबूस ठिपकाही दिसेल. लोक याकडे दुर्लक्ष करतात, किंवा थेट दुकानात जाऊन काळं रबरी चॅनेल बसवून घेतात. मी दुसऱ्या प्रकारातला होतो, आणि त्यात माझ्या गाडीचं जास्त नुकसान झालं.

आधीच्या गाडीला एका ॲक्सेसरीच्या दुकानात मी चारही दारांना चॅनेल बसवून घेतलं होतं. दहा मिनिटांचं काम. कड धुतली नाही, पुसलीही नाही, जुने टवके तसेच ठेवून वरून चॅनेल ठोकलं. दोन पावसाळे गेले. एकदा पॉलिश करायच्या निमित्ताने चॅनेल ओढून काढलं, तर आतून गाळासारखा ओला तांबडा चिखल निघाला आणि कडेला वीतभर लांब गंजाची रेघ. रंग नखाने सोलला जात होता. उघड्या कडेवर जे चार वर्षांत झालं नसतं, ते झाकलेल्या कडेवर दोन वर्षांत झालं. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो आणि एका ठरावीक क्रमाने करतो. आधी दार कुठे आपटतं ते शोधायचं, ती जागा मऊ करायची, मग टवके भरायचे आणि सगळ्यात शेवटी गार्ड, म्हणजे कडेवर चढवायची संरक्षक पट्टी, लावायचा.

कडच का जाते

गाडीवरचा कारखान्यातला रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. आपल्या डोक्याचा केस ७०-८० मायक्रॉनचा, म्हणजे दोन केसांच्या जाडीत प्रायमर, रंग आणि वरचा चकचकीत क्लिअर कोट असं सगळं आलं. सपाट पत्र्यावर ही जाडी सारखी बसते. कडेवर तशी बसत नाही, कारण ओला रंग धारदार कडेवरून दोन्ही बाजूंना मागे सरकतो आणि नेमक्या टोकावर थर पातळ राहतो. जिथे मार सगळ्यात जास्त, तिथेच कवच सगळ्यात कमी.

दुसरी गोष्ट दाराच्या बनावटीतली. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्याच्या कडेवर दुमडून दाबलेला असतो, आपण करंजीची कड मुडपतो तसा. दाराच्या आतल्या बाजूने बोट फिरवलंत तर ही मुडपलेली पट्टी हाताला लागते. त्या दुमडीत सीलंट भरलेलं असतं. टवका दुमडीच्या टोकावर उडाला आणि सीलंटलाही भेग असली, की पाणी केशनळीतून चढावं तसं दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं आणि वाळत नाही. आपल्याकडे वर्षाला २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि शेजारी खाडीची खारट हवा. पुण्याच्या गाडीवरचा टवका कदाचित वर्षभर थांबेल. ठाण्याच्या गाडीवरचा गणपतीपर्यंत तांबडा होतो.

दार नेमकं कुठे आपटतं

लोकांना वाटतं मॉलच्या बेसमेंटमध्ये किंवा स्टेशनजवळच्या गर्दीत गाडी खराब होते. तिथे दुसऱ्यांची दारं आपल्या पत्र्याला लागतात, हे खरं. पण आपल्या दाराची कड बहुतेक वेळा घरीच, रोजच्या त्याच जागेत, त्याच खांबावर आपटते. रोज दोनदा उतरणं-चढणं, त्यात एका हातात डबा, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, मागे मुलं.

जरा हिशेब करा. सोसायटीतली मोठ्या गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद धरलेली असते. क्रेटासारखी गाडी १७९० मिलिमीटर रुंद. ती बरोबर मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना ३५-३५ सेंटिमीटर उरतात. स्टिल्टमधला, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधला, खांब आपल्या बाजूला १५ सेंटिमीटर घुसलेला असला, तर राहिले २०. एवढ्यात दार पहिल्या खाचेपर्यंतही उघडत नाही आणि माणूस आडवा होऊन बाहेर पडतो. वॅगन आर १६२० मिलिमीटरची आहे, तिला त्याच जागेत दोन्हीकडे ४४ सेंटिमीटर मिळतात. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींची स्टिल्ट तर याहून अरुंद आहेत, कारण ती आजच्या गाड्यांचा विचार करून बांधलेलीच नाहीत.

म्हणून पहिलं काम खडूचं. मुलांचा रंगीत खडू घ्या, दाराच्या कडेवर बेंबीच्या उंचीपासून गुडघ्यापर्यंत जाड ओढा आणि आठवडाभर नेहमीसारखे उतरा-चढा. खांबावर खडूची खूण उमटेल. ती जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टेपने मोजून लिहून ठेवा. खांबावर कुठेच खूण नाही, तर भिंत, शेजारची गाडी, फायरचा पाइप, जे काही जवळ आहे ते तपासा. मागच्या दारांसाठी वेगळं करा. मुलं मागे बसतात आणि दार पूर्ण जोर लावून उघडतात, त्यामुळे मागची खूण बहुतेक वेळा जास्त ठळक निघते.

खूण सापडली की गाडी लावायची पद्धत बदलून बघा. यात एक पैसा जात नाही. नाक आत घालून लावत असाल तर एकदा रिव्हर्स लावा. ड्रायव्हरचं दार जागेच्या दुसऱ्या बाजूला जातं, आणि खांब एकाच बाजूला असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. तेही जमत नसेल तर गाडी एक-दीड फूट पुढे किंवा मागे घ्या. खांब दाराच्या उघडणाऱ्या टोकासमोर न येता चाकासमोर किंवा बॉनेटसमोर आला, की दार मोकळं उघडतं. ही जागा रोज तंतोतंत सापडावी म्हणून जमिनीवर चाकाचा स्टॉपर बसवा. तो होईपर्यंत समोरच्या भिंतीवर रंगीत टेपची एक उभी पट्टी पुरते. बॉनेटचं टोक किंवा आरशातला एखादा कोपरा तिच्याशी जुळला की थांबायचं.

स्टॅक किंवा पझल पार्किंग, म्हणजे गाड्या यंत्राने हलवून रचणारं पार्किंग, असेल तर लोखंडी खांबांच्या मध्ये इंचावर जागा असते. तिथे एकच नियम पाळा: सगळ्यांना आणि सगळ्या सामानाला बाहेरच उतरवा, पॅलेटवर, म्हणजे गाडी उभी राहते त्या लोखंडी पाटावर, फक्त चालवणारा जाईल. आजी-आजोबांना तर कुठल्याही पार्किंगमध्ये आधी पोर्चमध्ये उतरवावं. अरुंद जागेत वयस्कर माणूस दाराचा आधार घेऊन उठतो, दार सरकतं, आणि अशा वेळी कडेची काळजी करण्यात अर्थही नसतो.

खांब मऊ करणे

गार्डपेक्षा मला हा उपाय जास्त मोलाचा वाटतो. गार्ड फक्त तुमच्या गाडीचं दार वाचवतो. मऊ खांब पाहुण्यांचं, भावाच्या गाडीचं, सगळ्यांचं दार वाचवतो.

मुलांच्या खोलीत टाकतात त्या ईव्हीए फोमच्या जोडायच्या चटया उत्तम. हा फोम पाणी शोषत नाही. जुनी गादी, स्पंज, गोणपाट बांधू नका. ते पावसाळ्यात ओलं राहतं, त्यात धुळीचे कण अडकतात आणि दार घासलं की ते पॉलिश पेपरसारखं काम करतं. खडूच्या खुणेच्या वर आणि खाली वीतभर येईल एवढा रुंद पट्टा कापा, खांबाभोवती गुंडाळा आणि सामान बांधायच्या रुंद पट्ट्याने किंवा लांब केबल टायने आवळा. टायचं डोकं गाडीच्या उलट बाजूला यायला हवं. खांबाला ड्रिल मारू नका. तो इमारतीचा भार घेणारा खांब आहे आणि सगळ्यांचा आहे. सेक्रेटरींना आधी सांगितलं तर सहसा कुणी अडवत नाही. आमच्या विंगमध्ये एका खांबावर लावलं आणि महिन्याभरात शेजारचे काका विचारायला आले, "अहो, हा फोम कुठून आणलात? मलाही दोन खांबांना हवाय." आता आमच्या रांगेतले बहुतेक खांब गुंडाळलेले आहेत.

पिवळ्या-काळ्या रबराचे कॉर्नर गार्ड लावतात ते बंपरच्या धडकेसाठी आहेत. ते कडक असतात, रंगाच्या कडेसाठी फारसे उपयोगी नाहीत.

टवके आधी भरा

हे वगळून पुढे जाऊ नका. माझ्या गाडीचं नुकसान याच पायरीवर झालं होतं.

गाडी धुवून झाली की दारं उघडी ठेवा आणि जुन्या टूथब्रशने आतली दुमड घासून काढा. वाळल्यावर टॉर्च तिरका धरून कड बघत जा, बरोबर बोटाचं टोकही फिरवा. डोळ्याला न दिसलेला टवका बोटाला खरखरीत लागतो. सापडलेल्या प्रत्येक टवक्याशेजारी मास्किंग टेपचा छोटा तुकडा चिकटवून ठेवा, नाहीतर काम करताना दोन राहून जातात.

टवका फक्त रंगापुरता असेल आणि खाली प्रायमर दिसत असेल तर पुसून रंग भरला की झालं. पत्रा उघडा पडला असेल तर प्रायमर हवा. तांबूस असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी काडेपेटीच्या काडीच्या टोकावर धरून तेवढ्याच जागी घासा, आजूबाजूचा चांगला रंग ओरखडू नका. चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. खोलगट जागेत थोडा काळपट गंज उरलाच तर रस्ट कन्व्हर्टरचा, म्हणजे गंज निष्प्रभ करणाऱ्या द्रावणाचा, एक थेंब. त्यात बहुतेक वेळा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं, म्हणून हातमोजे घाला आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा. मग प्रायमर, मग रंग.

रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांत दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. तो फोटो काढून घेऊन जा, नुसतं 'सिल्व्हर द्या' म्हणू नका, एकाच कंपनीचे तीन सिल्व्हर असतात. बाटलीच्या झाकणातला ब्रश कडेच्या कामाला जाड पडतो. टूथपिकचं टोक रंगात बुडवून थेंब टवक्याच्या मधोमध ठेवा, तो आपोआप पसरतो. एक जाड थेंब देण्यापेक्षा तीन पातळ, मध्ये अर्धा-पाऊण तास. शेवटी क्लिअर कोट. त्यावर आठवडाभर काहीही चिकटवू नका. वरून वाळलेला रंग आतून मऊ असतो आणि टेपचा गोंद तो उचलून काढतो.

रंगाखाली फोड आलेला दिसला किंवा दुमडीतून तांबडं पाणी ओघळल्याची खूण असेल, तर हे घरचं काम नाही. गंज दोन पत्र्यांच्या मध्ये पोचलाय. वागळे इस्टेटच्या बाजूला बॉडी शॉप भरपूर आहेत, पण जाताना स्पष्ट सांगा की दुमड साफ करून सीलंट भरून द्या. नुसती पुट्टी आणि रंग मारून दिला तर पुढच्या पावसाळ्यात फोड परत येतो. विम्याचा दावा करण्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि एका दाराच्या कडेसाठी तो घालवणं बहुतेकांना परवडत नाही.

कुठला गार्ड

बाजारात मिळणारं लोखंडी गाभ्याचं यू आकाराचं चॅनेल पकड चांगली घेतं, पण मी ते आपल्या हवेत सुचवणार नाही. आतली लोखंडी दातेरी पट्टी रंगात रुतते, आणि कापलेल्या टोकाला उघडं लोखंड राहतं ते आधी गंजतं. आधीच बसवलेलं असेल तर निदान दोन्ही टोकांना सिलिकॉन सीलंटचा ठिपका लावून ती बंद करा.

गाभ्याशिवायचं मऊ रबरी किंवा पीव्हीसीचं यू चॅनेल, आत चिकट पट्टी असलेलं, हा रोजच्या वापराचा माझा पर्याय. काहीशे रुपयांत पाच मीटरचं रीळ मिळतं आणि चार दारांना साधारण तीन-साडेतीन मीटर लागतं.

गाडी नवी असेल आणि कडेला काही दिसू नये असं वाटत असेल तर पारदर्शक पीपीएफची (पेंट प्रोटेक्शन फिल्मची) पट्टी. ही टीपीयू या लवचीक प्लास्टिकची फिल्म १५०-२०० मायक्रॉनची असते, म्हणजे मूळ रंगावर आणखी एकदा तेवढीच जाडी. ओरखडे आणि हलके टोले ती झेलते. सिमेंटच्या खांबावर जोरात आपटलेलं दार मात्र झेलत नाही. खांब मऊ केला असेल तर पीपीएफ पुरते. दारावर मधोमध लावायचे छोटे फुगीर पॅड किंवा बाजूची लांब बीडिंग हा वेगळा विषय आहे. बीडिंग दुसऱ्याच्या दारापासून आपला पत्रा वाचवते, आपली कड वाचवत नाही.

पाहुण्यांच्या गाडीसाठी किंवा लग्नकार्याच्या गर्दीसाठी एक तात्पुरती युक्ती: एसीच्या तांब्याच्या पाइपावर चढवतात ते काळ्या फोमचं नळकांडं हातभर कापा, लांबीने एका बाजूला चीर द्या आणि दार किंचितच उघडून, काचेतून हात काढून कडेवर चढवा. उतरलात की काढून दाराच्या कप्प्यात. माझ्या गाडीत एक कायम असतं.

फट मोजल्याशिवाय कापू नका

पुढचं दार आणि मागचं दार यांच्यातली फट बऱ्याच गाड्यांत चार-पाच मिलिमीटरच असते. चॅनेलचा तळ जाड असला तर दार बंद होईल, पण मागच्या दाराच्या कडेवर रोज घासेल, आणि एक कड वाचवायला गेलो ती दुसरी घालवून बसतो.

मुलांची खेळायची क्ले घ्या. सुपारीएवढा गोळा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कडेवर ठेवा आणि दार हळूच बंद करा. उघडल्यावर दाबलेली क्ले सुरीने मधोमध कापा आणि पट्टीने तिची जाडी मोजा. चॅनेलच्या तळाची जाडी त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. हे तीन ठिकाणी करा, वर, मध्ये, खाली. अपघातात काम झालेल्या गाडीत वरची आणि खालची फट वेगळी निघते.

बसवताना

मे महिन्याच्या दुपारी उन्हात हे काम करू नका, भर पावसाळ्यातही नको. सकाळी सात ते दहा, सावलीत, पत्र्यावर तळहात सुखाने ठेवता येईल तेव्हा. ऑक्टोबर ते मे यातला कुठलाही कोरडा दिवस चालेल, पण जूनच्या आधी आठवडाभर तरी उरायला हवा.

कड धुतलेली, आतून वाळलेली हवी. दार अर्धा तास उघडं ठेवा, दुमडीत पाणी लपून बसतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबरच्या कापडावर घेऊन कड आत-बाहेर पुसा. थिनर वापरू नका, तो टचअपचा ताजा रंग विरघळवतो. धुलाईवाल्याने टायर किंवा डॅशबोर्ड पॉलिश केलं असेल तर त्यातलं सिलिकॉन कडेवरही उडालेलं असतं आणि त्यावर कुठलाच गोंद धरत नाही, म्हणून कापड बदलून दोनदा पुसा. पुसल्यावर तिथे बोट लावू नका.

आता चॅनेल न चिकटवता धरून बघा. सुरुवात काचेच्या खालच्या रेषेपासून दोन बोटं खाली, शेवट दाराच्या खालच्या वळणाच्या वर. वळणाच्या खाली, दाराच्या तळाला, पाणी निघायची छोटी भोकं असतात. ती झाकली तर पावसाचं पाणी दारातच साठतं. ती भोकं कुठे आहेत ते आधी बोटाने शोधा आणि चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. दोन्ही टोकांच्या खुणा मास्किंग टेपने करा, धारदार कटरने एका झटक्यात कापा, टोकं किंचित गोलसर.

चिकट पट्टीवरचा कागद सगळा एकदम काढू नका. वरून चार बोटं काढा, बसवा, अंगठ्याने वीस-तीस सेकंद दाबा, मग पुढची चार बोटं. एक गोष्ट हाताला शिकवावी लागते: चॅनेल ताणायचं नाही. ताणून बसवलं की त्या दिवशी सरळ सुंदर दिसतं आणि पहिल्या उन्हात आखडून टोकाकडून उचकटतं. उलट टोकाकडे केसभर सैल ठेवा.

चारही दारं झाली की दोन्ही क्रमांनी तपासा. पुढचं दार बंद ठेवून मागचं उघडा, मग मागचं बंद ठेवून पुढचं. मागचं दार उघडताना त्याची पुढची कड किंचित आत फिरते आणि पुढच्या दाराच्या गार्डजवळून जाते. घासल्याचा आवाज आला किंवा रबरावर पांढरी रेघ उमटली, तर चॅनेल जाड आहे, काढून पातळ आणा. तसंच चालवू नका. यानंतर तीन दिवस गाडी धुवायची नाही, गोंद पूर्ण पकड घ्यायला तेवढा वेळ घेतो. खाली गाडी पुसणाऱ्या दादांना तेवढं सांगून ठेवा, ते पहाटे बादलीभर पाणी मारून मोकळे होतात.

नंतर

वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, कडेवर अंगठा फिरवा. टोक सुटलेलं असेल तर तिथून पाणी आत जातंय असं धरा. ते परत दाबून चिकटवू नका, आत आता धूळ आहे. तो गार्ड पूर्ण काढा. हेअर ड्रायरने कोमट करा, पत्र्याला हात लावता येईल इतपतच, आणि दात साफ करायचा फ्लॉस चॅनेलच्या आतून करवतीसारखा मागे-पुढे ओढत खाली या. उरलेला गोंद कापडावर थोडं रॉकेल घेऊन मऊ करा, मग साबणाच्या पाण्याने ती जागा धुवा आणि पुन्हा टॉर्च मारून टवके बघा. काही सापडलं तर आधी ते भरा, आठवडा जाऊ द्या, मगच नवं चॅनेल.

फोमचा पट्टाही त्याच वेळी सोडून खांब आणि फोम दोन्ही पुसून घ्या. आणि खडूची चाचणी पुन्हा एकदा करा, विशेषतः शेजारच्या जागेत नवी गाडी आली असेल तर. आमच्या शेजारी पूर्वी हॅचबॅक होती, आता एसयूव्ही आली आहे, आणि आमच्या मागच्या दाराची खूण खांबावरून सरकून तिच्या दारावर गेली. त्या एसयूव्हीवाल्या काकांशी बोलून आम्ही दोघांनी गाड्या विरुद्ध दिशांनी लावायला सुरुवात केली, त्यांची नाक आत आणि आमची रिव्हर्स. त्यामुळे आमच्या दोघांच्या मधल्या फटीत आता कुणाचंच ड्रायव्हरचं दार उघडत नाही.